उजव्या बाजूचा दोरा

आमच्या मुलीच्या, महेकच्या अब्बांबद्दल कुणालाही विचारा, लोक म्हणतील, तय्यब शांत माणूस. शांत कसला, घुम्या आहे. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे आणि ते मी चोख सांभाळते. मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली की वॉचमन आधी माझं दार वाजवतो, कारण मालकाला फोनवर झापायला दुसरं कुणी तयार नसतं. तेव्हा यांची गोष्टही मलाच सांगायला हवी. स्वतःहून ते काही सांगायचे नाहीत.

आम्ही दोघंही मूळचे हर्णैचे. ते मस्कतला आले तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. इथल्या गॅरेजांच्या गल्लीत गाड्यांच्या सीटा शिवायच्या दुकानात लागले, ते आजतागायत तिथेच. सीटा काय, मशीनवर कुणीही शिवेल. यांचं नाव झालं ते स्टिअरिंगमुळे. इथल्या उन्हात स्टिअरिंगचं रबर लवकर उकलतं, हाताला काळं लागायला लागतं, मग लोक त्यावर चामडं चढवून घेतात. बाजारात तयार कव्हर मिळतं, पण ते नुसतं ओढून बसवलेलं, थोड्या दिवसांत हातात फिरायला लागतं. यांचं काम वेगळं. चामडं मापाने कापायचं, गाडीच्या टपावर उन्हात ठेवून मऊ करायचं, स्टिअरिंगवर ताणायचं आणि जागेवरच हाताने शिवायचं. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, एक डाव्या हातात, एक उजव्या. आतल्या अंगाने टाका घालत जायचं आणि दर टाक्याला दोन्हीकडून सारखं ओढायचं. निझवा, सूर, इब्रा, कुठून कुठून लोक यायचे आणि 'तय्यब कुठाय' म्हणून विचारायचे.

गेल्या उन्हाळ्यात पहाटे नमाजाआधी वजू करताना त्यांच्या उजव्या हाताला नळ बंद होईना. मी ओरडले, पाणी का वाया घालवताय? ते नुसते हाताकडे बघत राहिले. हॉस्पिटलात सांगितलं, छोटा झटका आहे, नशीब म्हणा. पाय सुधारला. खांदा, कोपर हलायला लागलं. जिभेवरही परिणाम झाला नाही, म्हणजे झाला असता तरी आम्हाला कळायला वर्ष गेलं असतं. पण उजव्या हाताची बोटं काही कह्यात येईनात. सुई पकडायची म्हटली तर खाली पडायची.

दुकानाचा मालक, आमचा अर्बाब, माणूस वाईट नाही. त्याने कित्येक महिने यांना गल्ल्यावर बसवून पगार दिला. पण लेबर कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, शिवणाऱ्याचं, माणूस गल्ल्यावर, आणि नवीन शिवणारा आणायचा तर ही जागा रिकामी हवी. शेवटी एके दिवशी तो यांना म्हणाला, इब्र्याचं आपलं जुनं गिऱ्हाईक पुढच्या गुरुवारी गाडी घेऊन येतंय, त्याला तुझ्याच हातचं स्टिअरिंग पाहिजे. करून दाखव. जमलं तर कार्ड रिन्यू करतो. नाही जमलं तर खलास, मानाने तिकीट काढून देतो.

मानाने! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कार्ड गेलं की यांचा व्हिसा जाणार, आणि त्यावरच असलेला माझा आणि महेकचाही. आमची महेक बारावीला, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. अर्ध्यातून तिला उचलून हर्णैला न्यायचं, तिथे कुठल्या कॉलेजात घालायचं आणि कसल्या परीक्षेला बसवायचं? पोरीचं मराठी आधीच अडखळत चालतं. ती म्हणाली, "अम्मी, इट्स ओके, मी नेक्स्ट इयर देईन." मी म्हटलं, ओके वगैरे काही नाही, तू अभ्यासाला बस. आणि यांच्याकडे वळून म्हटलं, "उजवा हात माझा घ्या."

ते नाही म्हणाले. मग पुन्हा नाही म्हणाले. गल्लीत सगळे पुरुष, तू तिथे येऊन गाडीत बसणार का? मी म्हटलं, बसेन, आणि कुणी बघितलं तर बघू दे. मी घरी बायकांचे कपडे शिवते, सुईला काही नवखी नाही. शेवटी भंगारातून एक जुनं स्टिअरिंग घरी आलं. ते आम्ही स्वयंपाकघरातल्या स्टुलाला बांधलं आणि रोज दुपारी दुकान बंद असायच्या वेळेत समोरासमोर बसायला लागलो.

पहिलंच चामडं मी वाया घालवलं. ड्रेस शिवणारी बाई मी, माप घेतलं की हात आपोआप बोटभर सैल कापतो, कारण अंगावर जरा मोकळं बसायला हवं. तसंच कापलं. कव्हर चढवलं, शिवलं, दिसायला झकास. यांनी डाव्या हाताने धरून पिळलं तर सगळं चामडं बांगडीसारखं गर्रकन फिरलं. "गाडी वळणावर असताना असं फिरलं तर माणूस मरेल," ते म्हणाले. इतकंच. चामडं मापापेक्षा कमी कापायचं आणि ताणून पुरवायचं, हे मला पहिल्यापासून शिकावं लागलं. हाताची सवय मोडायला फार त्रास झाला.

पुढचं भांडण शिवणीवरून. डाव्या बाजूचा दोरा त्यांच्या हातात, उजव्या बाजूचा माझ्या. मी ओढलं की शिवण माझ्याकडे सरकायची. ते म्हणायचे, तू जास्त ओढतेस. मी म्हणायचे, तुम्हीच कमी ओढता. आतून महेक हसायची. मग मी तोंड मिटलं आणि शिवणीवर नजर ठेवून ओढायला शिकले. दोन-तीन चामडी खराब झाल्यावर एकदाची शिवण सरळ आली. त्यांनी सगळीकडून पिळून पाहिलं, तसूभर हललं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी सकाळी आमच्या जुन्या यारिसमधून मी त्यांना घेऊन दुकानात गेले. गाडी आमच्याकडे मीच चालवते आता. इब्र्याचा म्हातारा आधीच येऊन बसला होता. उंचापुरा, पांढरी दाढी, बोलायला मोकळा. यांना मिठी मारून त्याने तब्येत विचारली. त्याची खजुराची बाग वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या पलीकडे आहे, दर सुट्टीला नातवंडांना गाडीत भरून घेऊन जातो, रस्ता सगळा वळणांचा, म्हणून स्टिअरिंग घट्ट पाहिजे, असं त्याने सांगितलं. हे ड्रायव्हरच्या सीटवर बसले, मी शेजारच्या सीटवर. गल्लीतली माणसं काम सोडून बघायला लागली. मी सुई उचलली, तेवढ्यात अर्बाब आला.

"मदाम, तुम काम नहीं," तो म्हणाला. "फॅमिली व्हिसा. इन्स्पेक्टर आया तो मुश्किल."

रागावून नव्हता बोलला. खरं तेच बोलत होता. माझ्याकडे कामाचं कार्ड नाही, मी सुईला हात लावला तर दुकान अडचणीत येणार. इतके दिवस शिवत बसलो आम्ही, आणि हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही! भांडायला तोंड उघडलं, पण भांडायचं कुणाशी? मी खाली उतरले.  महेकची बॅगच डोळ्यांपुढे आली, विमानतळावरची.

 मग यांनी उजव्या बाजूचा दोरा दातात धरला, डाव्या हाताने उजव्या मनगटाला त्याचे वेढे घातले आणि कोपर मागे घेऊन खेचलं. बोटं नाहीत तर नाहीत, कोपर तर होतं. टाका बसला. दोन्ही सुया डाव्या हाताने घालायच्या, डावीकडचा दोरा डाव्या हाताने ओढायचा आणि उजवीकडचा मनगटाने. मात्र त्या मनगटाला अजून नीट जाणवत नाही, किती ताण बसला ते त्यांना कळेना. शिवण डावीकडे सरकली. मी गाडीच्या दाराशीच उभी होते. मी म्हटलं, "अजून." त्यांनी ओढलं. म्हटलं, "बस." शिवण मधे आली. अर्बाबकडे पाहिलं. बोलायला काही कार्ड लागत नाही. तो हात मागे बांधून भिंतीला टेकला.

तसंच चाललं मग. अजून, बस. अजून, बस. ऊन डोक्यावर आलं. म्हाताऱ्याने आमच्यासाठी चहा मागवला, तो गार झाला. दोऱ्याने त्यांच्या मनगटाची कातडी सोलली, मेण लावलेला दोरा लाल दिसायला लागला. मी रुमाल पुढे केला, त्यांनी मान हलवली, कारण रुमालावरून दोरा घसरला असता. तरी मी 'राहू द्या' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते थांबले असते.

दुपारच्या नमाजाची, जोहरची अजान झाली आणि शेवटची गाठ पडली. म्हातारा आत बसला, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि खूश झाला. अर्बाबने यांच्या खांद्यावर थाप मारली. "खलास, तय्यब. तमाम." म्हणजे झालं, एकदम ठीक.

आणि मला तो टाका दिसला.

वरच्या बाजूला, जिथे वळताना हात घट्ट बसतो तिथे, दोन टाक्यांमध्ये चामडं जरासं उचललेलं. मी क्षणभर नजर हटवली असेन तेव्हाचं. दुसऱ्या कुणाला दिसणार नव्हतं. आज नाही, पण उन्हात तापलं, सैलावलं की तिथून फिरायला लागणार. माझ्या मनात काय काय आलं ते सांगते. मनात आलं, महेक. मनात आलं, ते मनगट. मनात आलं, गप्प बस नसीबा, जन्मात एकदा तरी गप्प बस.

"वरचं उसवा," मी म्हटलं. "ढिलं राहिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्बाबला आमची भाषा कळत नाही, त्याने विचारलं, मदाम काय म्हणते? यांनी सांगितलं. अर्बाबने वाकून पाहिलं, अंगठा दाबून पाहिला आणि बाजूला सरकला. म्हातारा खाली उतरला. यांनी गाठ कापली, वरच्या भागापर्यंत सगळं उसवलं, त्याच मनगटावर पुन्हा दोरा गुंडाळला आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी मी पापणीही लववली नाही.

काम संपलं तेव्हा अर्बाबने यांच्याकडून लेबर कार्ड मागून घेतलं, खिशात घातलं आणि म्हणाला, शनिवारी वेळेवर ये, रिन्यूचं मी बघतो.

घरी निघालो. मनगटाला मी रुमाल बांधला होता. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "ते ढिलं राहिलेलं मला कळलं होतं. डाव्या हाताला तेव्हाच कळलं होतं."

मी गाडी बाजूला घेतली.

"मग बोलला का नाहीत?"

"मनगट आग आग होत होतं. आणि महेक डोळ्यांसमोर. म्हटलं, कुणाला दिसत नाही, जाऊ दे." त्यांनी रुमालाची गाठ चाचपली. "तू गप्प राहिली असतीस तर मी गप्प राहिलो असतो, नसीबा. गाडी इब्र्याला गेली असती. पोरं बसली असती तिच्यात."

मला रडू आवरेना. हमसून हमसून रडले, भर रस्त्याच्या कडेला, पदर तोंडात धरून. ते डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटत राहिले.

"पुढच्या गाडीलाही ये," ते म्हणाले. "आत नको बसूस. दाराशीच उभी राहा."

मी डोळे पुसले, गिअर टाकला आणि म्हटलं, येईन.