आधी वही, मग काहील

गुऱ्हाळावरचा गूळ संपतो, किस्से काही संपत नाहीत. कसबा बावड्याच्या शिवारात आमचं गुऱ्हाळ आहे आणि मी तिथला एक भागीदार. शिक्षण सातवीपर्यंतच, पण वही लिहिल्याशिवाय मला जेवण जात नाही, म्हणून सगळे मला ‘मास्तर’ म्हणतात. वहीत खरं तर आधणंच लिहायची होती, म्हणजे काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, एका वेळी शिजणारा रस. पण त्यात माणसंच जास्त शिरली, त्याला मी काय करू!

*

सुरुवात एका काळ्या गुळानं झाली. रस आटत आला की काहील जाळावरून कधी उतरवायची, हे गूळ रांधणारे आमचे गुळवे, बापू, ठरवतात. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. मधला वेळ जेमतेम दोन-तीन मिनिटांचा!

त्या दिवशी करपला. लगेच मी, जाळ घालणारा पांडबा आणि ज्यांचा ऊस होता ते आदगोंडा अण्णा, तिघंही ओरडलो, “मला वाटलंच हुतं!”

बापूंनी आमच्याकडं शांतपणे बघितलं. “तिघास्नीबी वाटलं हुतं. मग सांगिटलं कुणाला, चुलीला?”

त्याच दिवशी नियम झाला: काहील उतरवण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत घालायचा, किती टक्के खात्री आहे त्याच्यासकट. मागून सुचलेलं शहाणपण वहीत घेतलं जाणार नाही!

*

पांडबा रोज एकच सांगायचा. “गूळ बसतोय, शंभर टक्के!” दहा आधणं झाल्यावर मी वही उघडून दाखवली. त्यातली चार बिघडली होती.

“पांडबा, तुझं शंभर म्हणजे साठच की रं!”

पांडबानं चुलीत चिपाडं सारली, जरा विचार केला आणि म्हणाला, “मग उद्यापासनं एकशे चाळीस लिवा. चाळीस कमी हून शंभरावर येतंय!”

*

एकदा ऐन वेळी अण्णांच्या बहिणीचा जयसिंगपुरातून फोन आला. अण्णांनी तो स्पीकरवर ठेवला. तिच्या शेजारणीचं भांडण असं रंगलं, की बापू काहील विसरून ऐकतच राहिले! भानावर येऊन धावत जाऊन उतरवली, तर गूळ असा पिवळाधमक, की सगळं गुऱ्हाळ बघायला गोळा झालं.

मी वहीत लिहिलं, ‘निर्णय चुकीचा. गूळ उत्तम. नशीब.’

“नशीब कसलं? बहिणीचा पायगुण हाय!” अण्णा भडकले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्यांनी मुद्दाम फोन लावला आणि तेवढाच वेळ बोलले. गूळ काळाकुट्ट!

तिसऱ्या दिवशी बहिणीचाच फोन आला. “दादा, आज फोन न्हाय केलास?”

“तुझ्यावर बंदी आलीया,” अण्णा म्हणाले. “वहीत.”

*

पुढं वही चाळताना माझ्या लक्षात आलं, की बिघडलेलं प्रत्येक आधण उशिरा उतरवलेलं होतं. लवकर उतरवून बिघडलेलं एकही नाही. बापू पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी होते का बघत नसत, लांबून बुडबुड्यांवर नजर ठेवून सांगत. आणि नजरच मंदावली होती. चाळीस वर्षं ‘बापूंचा हात’ म्हणून गाजलेल्या माणसाला हे सांगायचं कसं? मी आठ आधणं गप्प बसलो. नवव्याला वही पुढं केली.

बापूंनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली. मग म्हणाले, “खालती अजून दोन वळी लिव. डोळं दाखवलं न्हाईत, चूक बापूची. आठ आधणं कळून गप बसला, चूक मास्तरची.”

मी लिहिल्या!

*

बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूर बंद सांगितला होता, तेवढे दिवस त्यांनी घरात कसेबसे काढले. परत आले ते काळा चष्मा लावून. येताच जाहीर केलं, “आजचं आधण माझं. बिघडलं तर उद्यापासनं दुसरा गुळव्या बघा.”

काहिलीत रस चढला. मी वही घेऊन उभा राहिलो. पांडबा, अण्णा आणि मी, तिघांनीही शंभर टक्के लिहिलं.

“बापू, तुमचं?”

“पन्नास.”

“आज तरी शंभर म्हणा की वो!” पांडबा कळवळून म्हणाला.

बापूंनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात गोळी करून बघितली, चष्मा वर सरकवून बुडबुडे बघितले, परत गोळी केली आणि ओरडले, “उतरवा!”

गूळ निवेपर्यंत कुणी चहासुद्धा घेतला नाही. शेवटी अण्णांनी बोटाच्या पेरानं ढेपेवर टकटक केलं. टणटणीत! रंग सोन्यासारखा! पांडबानं तर चुलीपुढंच नाचायला सुरुवात केली.

मी ऐटीत पेन उघडलं. “बापू, काय लिहू?”

“लिव, नशीब.”

“अवो बापू!”

“लिव म्हंतो न्हवं! उद्याचंबी बसलं, तर मग खोड.”