वाळू गेली कुठं

डेल्मर हायसेलला बसणं म्हणून कधी जमलंच नाही. खुर्चीत टेकला तरी त्याचा एक गुडघा हलत राही, आणि बोटं टेबलाची कड चाचपत राहत. एकवीस वर्षं त्यानं मातीचे नळ भाजायच्या भट्टीवर आच राखली. भट्टी थंडावली, तसा तो गावच्या शाळेत झाडलोट करायला लागला, आणि तिथंही मुलं घरी गेल्यावर कुलूप लावायच्या आधी सगळ्या खोल्या दोनदा फिरायचा. नोरीन त्याच शाळेत स्वयंपाकाला होती. ती म्हणायची, "ह्याच्याशी लग्न केलं म्हणजे पाखराशी लग्न केलं. डोळ्याला डोळा भिडवावा तर फांदी बदललेली."

आता दोघंही निवृत्त होती. ओहायोच्या त्या टेकडीउतारावर त्यांचं घर, आणि रस्त्यापासून ओसरीच्या पायरीपर्यंत चाळीस फूट विटांची वाट. ती वाट डेल्मरची होती. गावचा जुना विटांचा रस्ता सरकारनं उखडला आणि वर डांबर ओतलं, त्या उन्हाळ्यात त्यानं टाकून दिलेल्या विटा गाडीत भरभरून आणल्या. लोखंडासारख्या कडक भाजलेल्या, कडा घोड्यांच्या नालांनी गोल झालेल्या. नदीची बारीक वाळू आणली, ती दोनदा चाळली, आणि तिच्यावर एकेक वीट बसवली. कुणी विचारलं तर छाती फुगवून सांगायचा, "थेंबभर सिमेंट नाही. मी मेल्यावरही हलायची नाही."

रोज सकाळी कॉफीच्या आधी तो ती झाडायचा. मुंग्या सांध्यांतून रात्रभर वाळू वर आणून ठेवत. विटा-विटांच्या मधे रवाळ ढिगुल्या, प्रत्येकीच्या माथ्यावर एक बारीक भोक. केरसुणीचा एक फटकारा, आणि ढिगुली पायरीशेजारच्या आयरिसच्या फुलांच्या वाफ्यात. वाट पुन्हा आरशासारखी.

एप्रिलमध्ये त्या वाटेनंच नोरीनला खाली पाडलं. पायरीच्या अलीकडची तिसरी ओळ खचली होती, एका विटेची कड बोटभर वर राहिली होती. नोरीनच्या चपलेचं टोक तिथं अडलं आणि खुब्याचं हाड मोडलं.

मे महिना सरत आला होता. तालुक्याच्या गावातल्या शुश्रूषागृहातून तिला शुक्रवारी सोडणार होते. पण त्याआधी गुरुवारी तिथली व्यायाम शिकवणारी बाई येऊन घर बघून जाणार होती. घराला दुसरं दार होतं ते मागचं, आणि तिथं बारा लाकडी पायऱ्या थेट ओढ्याकडं उतरत. म्हणजे जे काही होतं ते या वाटेवर. वाट पसंत पडली तर नोरीन घरी. नाही तर लेकीकडं, कारलाकडं, कोलंबसला.

"मला कारलाच्या पांढऱ्या गालिच्यावर जन्म काढायचा नाही," नोरीन फोनवर म्हणाली. "तिथं कॉफीचा कप घेऊन बसलं की ती खाली टॉवेल अंथरते."

"मुंग्यांनीच वाट पोखरलीय. त्यांचं बघतो. तू काळजी करू नकोस."

"तुझ्या गुडघ्याचा आवाज मला इथवर येतोय, डेल्मर."

सोमवारी त्यानं मुंग्यांच्या भोकांत किटल्यावर किटल्या उकळत्या पाण्याच्या ओतल्या. पलीकडून वेंडल बघत होता. वेंडल हा शेजारी, खाणीत जन्म घालवलेला, कमरेत वाकलेला पण जीभ ताठ.

"काय रे, मुंग्यांना कॉफी पाजतोस? दूध-साखर विचारलीस का त्यांना?"

"साखरही देतोय," डेल्मर गुरगुरला. बरण्यांच्या झाकणांत साखरेच्या पाकात मुंग्या मारायची बोरॅक्सची पूड कालवून त्यानं जागोजाग ठेवलं होतं.

मंगळवारी सकाळी त्या भोकांत शांतता होती. डेल्मरला क्षणभर हुरूप आला. मग दिसलं, दोन हात अलीकडं तीन नव्या ढिगुल्या. त्यानं त्यांवर पाणी ओतलं. दुपारी आणखी पलीकडं. तो वाटेवर येरझाऱ्या घालू लागला, रस्त्यापासून पायरीपर्यंत, पायरीपासून रस्त्यापर्यंत, आणि प्रत्येक फेरीला टाचेखाली एखादी वीट 'टक' न वाजता 'ढब' वाजायची. आधी एक. मग त्याला सगळीकडं ढबढब ऐकू यायला लागली. जेवण त्यानं उभ्यानंच केलं, सिंकपाशी.

शेवटी दोन पेचकस घालून त्यानं पायरीजवळची ती वीट उचकली. खाली वाळू नव्हती. हात घातला तर मनगट गेलं, मग कोपरापर्यंत हात. मुंग्यांच्या पोकळीचं बीळ करून पट्टेवाल्या खारीनं आत अक्रोडांची टरफलं टाकली होती. त्यानं ती मूठभर बाहेर काढली.

"ही बघ! खार! ही चोर!"

वेंडल कुंपण ओलांडून आला, गुडघ्यावर हात टेकून आत डोकावला.

"खार आत्ता आली," तो म्हणाला. "रिकामी खोली दिसली म्हणून भाड्यानं राहिली. पण इतकी वाळू गेली कुठं रे? मुंगी ती खिशात घालून नेत नाही. वर आणून ठेवते, बस."

"मग?"

"मग मला काय विचारतोस? वाट तुझी."

डेल्मरची नजर वाफ्याकडं गेली. आयरिस फुलले होते, जांभळे, पिवळे. तो वाफा वाट घातली तेव्हा विटांच्या बरोबरीनं होता. आता तो वीतभर उंच होता. त्यानं बोटं खुपसली. बारीक वाळू. नदीची, दोनदा चाळलेली.

एकतीस वर्षं. रोज सकाळी, कॉफीच्या आधी.

वेंडलकडं न बघता तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगू? मुंग्यांना? त्यांना माहीतय." मग वेंडलचा आवाज उतरला. "खाली भरड खडी घाल, कंगोरेवाली. ती त्यांना उचलतही नाही आणि पोखरवतही नाही. पण सगळी वाट उचलावी लागेल. अन् तुला एकट्याला होणार नाही."

"होईल."

"नाही होणार. मी बूट घालून येतो."

बुधवारचा दिवस दोघांनी विटा उचलल्या. डेल्मर थांबेच ना. वेंडल पाणी प्यायला बसला की हा खडी ओढायचा. वेंडल उठला की हा पुढच्या ओळीवर. खडी पसरायची, धुम्मसनं ठोकायची, वर जाडी वाळू, फळीनं सपाट करायची, वीट बसवायची, लाकडी हातोड्यानं ठोकायची. अंधार पडायला लागला तेव्हा पायरीपाशीच्या तीन ओळी उरल्या होत्या, नोरीन पडली त्याच. वेंडलला उभं राहवेना. डेल्मरनं त्याला घरी पाठवलं, उरलेली खडी त्या खड्ड्यात लोटली, न ठोकताच वर विटा मांडल्या, सांध्यांत वाळू झाडली. दिसायला वाट अशी दिसत होती की नव्या नवरीनं पाय ठेवावा.

गुरुवारी दहाला ती बाई आली. डेलेन तिचं नाव, तरणीताठी, हातात चारपायी काठी. तिनं गाडीपासून त्या काठीवर भार देत वाट चालून पाहिली, वाकून पातळी बघितली, सांध्यांत टाच दाबली.

"मिस्टर हायसेल, हे तुम्ही केलंत?"

"आम्ही दोघांनी," डेल्मर म्हणाला, आणि कुंपणाकडं बोट केलं. वेंडलनं कुंपणापलीकडून टोपी उचलली.

"सुरेख आहे." ती पायरी चढली. शेवटच्या तीन ओळी तिच्याखाली हलल्या नाहीत. वजनानं ती फुलासारखी होती. ओसरीवर उभी राहून तिनं कागद काढला, पेनाचं टोपण काढलं. "उद्या दुपारी मिसेस हायसेलना घेऊन जा."

डेल्मरचा गुडघा हलायला लागला. त्याच्या डोळ्यांपुढं नोरीनचा पाय, तिची काठी, पहिला पाऊस, खालची सैल खडी.

"लिहू नका," तो म्हणाला.

"काय?"

"या तीन ओळी. खाली ठोकलेल्या नाहीत. आठ दिवसांत खचतील." आणि मग त्याला थांबता येईना, त्यानं केरसुणीचं, वाळूचं, वाफ्याचं सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या, टोपी हातात चुरगळत.

डेलेननं पेनाला टोपण लावलं. "मला दुसरी वेळ थेट पुढच्या गुरुवारीच मिळेल. मधले दिवस तुमच्या मुलीकडं जावं लागेल त्यांना."

"माहीत आहे."

ती गेल्यावर वेंडल कुंपणापाशी आला. "वेडा आहेस. ती सही करत होती."

"हो."

डेल्मर आत गेला आणि फोन लावला. यावेळी त्यानं मुंग्यांचं नाव काढलं नाही. "नोरीन, मी पाडलं तुला. रोज सकाळी मीच वाटेखालची वाळू काढून टाकत होतो. तुझ्या फुलांत."

पलीकडं शुश्रूषागृहात कुणाची तरी घंटी वाजत होती.

"मला वाटायचं," नोरीन हळूच म्हणाली, "ती तू आयरिससाठी टाकतोस. निचऱ्याला. एकतीस वर्षं खिडकीतून बघत होते मी. मनात म्हणायचे, बोलत नाही मेला, पण फुलांची काळजी आहे."

डेल्मरनं खिडकीतून वाफ्याकडं पाहिलं.

"खोटं तरी बोलायचंस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज हसू की रडू अशा ठिकाणी अडकला. "ऐक. आठ दिवस मी त्या गालिच्यावर काढते. नववा काढणार नाही. आणि सोमवारी गावाचा थडगी सजवायचा दिवस, या वर्षी तू जायचं. माझ्या आईच्या थडग्यावर जांभळी, आपल्या बाळाच्या थडग्यावर पिवळी. देठ तिरपे काप, उपटू नकोस."

"तिरपे," डेल्मर म्हणाला.

"आता फोन ठेव. उभा आहेस ना? जा, ठोक."

तो बाहेर आला. वेंडलनं तोवर पहिली वीट उचकून बाजूला ठेवली होती.