उसनं पान

कवळीवाल्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता शोधूनही सापडलं नसतं. दातांचे डॉक्टर त्यांना कवळीवाले म्हणत, पोस्टमन कवळीवाले म्हणे, आणि रविवारच्या मंडळीतही ते कवळीवालेच. त्यांची काही तक्रार नव्हती. जन्मभर कवळ्याच केल्या, तर लोक काय सेनापती म्हणणार होते?

घराची पुढची खोली हाच कारखाना. डॉक्टरांकडून हिरड्यांच्या मापाचे ठसे यायचे. त्यात प्लॅस्टर ओतायचं, साचा वाळला की त्यावर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवत जायचं. हात चोख, पण माणूस हट्टी. एखाद्या बाईची कवळी करायची असली की डॉक्टरांना फोन करून तिचा जुना फोटो मागवणार. पुढचा दात मुळात जरा वाकडा असेल तर कवळीतही वाकडाच लावणार. “अहो, सरळ लावा ना, छान दिसेल,” डॉक्टर म्हणायचे. “छान दिसेल, पण ती दिसणार नाही,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. डॉक्टर कपाळाला हात लावायचे आणि फोटो पाठवायचे.

असा हा माणूस भुताची कादंबरी लिहीत होता. हसू नका. चष्मेवालासुद्धा पहिल्यांदा ऐकून असाच फिदीफिदी हसला होता, आणि पहिलं प्रकरण ऐकल्यावर बराच वेळ काचा पुसत बसला होता.

चष्मेवाला म्हणजे रविवारच्या मंडळींचा यजमान. रविवारी दुकान बंद, मागची डोळे तपासायची खोली मोकळी. भिंतीवर लहान-मोठ्या अक्षरांचा तक्ता, मधोमध तपासणीची उंच खुर्ची, आणि त्या खुर्चीत ज्याची पाळी तो वाचायला बसणार. मंडळ म्हणजे तिघंच. चष्मेवाला रहस्यकथा लिहायचा, पण त्याच्या गुप्तहेराला प्रत्येक खुन्याची इतकी दया यायची की शेवटी अटक म्हणून कुणाला होत नसे. तिसऱ्या सिस्टर. जन्म हॉस्पिटलात गेलेला, आता निवृत्त. त्यांच्या गोष्टी दोन-अडीच पानांत आटपायच्या. कुठल्याही क्षणी कुणीतरी हाक मारेल आणि उठावं लागेल, ही सवय लेखणीतही उतरली होती. तिघांची एक ओळ कुठं छापून आलेली नव्हती. येईल असं कुणाला वाटतही नव्हतं. पण एकमेकांचं लिहिलेलं ते असं मन लावून ऐकायचे की कुणाला वाटावं, उद्या परीक्षाच आहे.

त्यांच्यात एक रीत होती, उसन्या पानाची. कुणी अडलं, आठवडेच्या आठवडे पुढं सरकेना, की बाकीच्यांपैकी एकानं त्याच्यासाठी पुढचं पान लिहून आणायचं. मात्र मुद्दाम वाईट लिहायचं. जितकं भिकार, तितकं चांगलं. उसनं देणाऱ्यानंच ते खुर्चीत बसून ठसक्यात वाचायचं. अडलेला माणूस ऐकून असा भडकायचा की “असं नाही हो, असं नाही!” म्हणत पान हिसकावून घ्यायचा, टराटरा फाडायचा, आणि घरी जाऊन स्वतःचं लिहून काढायचा. असं नाही हे एकदा कळलं की कसं ते आपोआप सापडतं. चष्मेवाल्याचा गुप्तहेर एकदा तळघरात अडकला होता, तेव्हा कवळीवाल्यांनी त्याला तिथं गाणं म्हणायला लावलं. चष्मेवाला आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही, पण प्रकरण पुरं करून मगच रुसवा सोडला.

आता कादंबरीचं सांगतो. एका घरात एक बाई मरते आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी घरी येऊ लागते. भीती नाही, किंकाळ्या नाहीत. येते, वाळत घातलेले कपडे काढते, घड्या घालते, खुर्चीत बसते, जाते. नवरा तिच्याकडं बघत बसतो. ती बोलत मात्र नाही. शेवटच्या प्रकरणात ती बोलते, आणि कादंबरी संपते. आधीची सगळी प्रकरणं कवळीवाल्यांनी झरझर लिहिली. शेवटच्या प्रकरणात बाई खुर्चीत येऊन बसली, तोंड उघडलं, आणि तिथंच गाडं अडलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, बाई आपली तोंड उघडून बसलेली.

रीतीप्रमाणं चष्मेवाल्यानं उसनं पान आणलं. त्याच्या पानात बाई नवऱ्याला “हे प्राणनाथ!” म्हणत होती आणि परलोकातल्या हवामानाची माहिती देत होती. सिस्टर पदर तोंडाला लावून हसत होत्या. कवळीवालेही हसले, पोट धरून हसले, आणि हसता हसता एकदम रडायला लागले.

चष्मेवाला घाबरला. “अहो, असं काय करता? मी चेष्टा केली.”

“तुझी चेष्टा बरी आहे रे लेका. माझंच बिनसलंय.” त्यांनी बाहीनं डोळे पुसले. “पुस्तक-बिस्तक गेलं खड्ड्यात. मी काय लेखक व्हायला निघालो होतो? मला माझ्या बायकोचा आवाज आठवेनासा झालाय. थोडा थोडा पुसट होत चालला होता. म्हटलं, लिहायला घेऊ. सगळं मांडून ठेवू, तिची खुर्ची, तिचे कपडे, तिची यायची वेळ. घर तिचं तिला ओळखू आलं की बोलेल एकदा. एकदा बोलली की मी पकडून ठेवीन. बस, एवढ्यासाठी हा खटाटोप.”

ती गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. पोरगी तेव्हा पहिलीत होती. त्या काळी आवाज साठवून ठेवायची सोय त्यांच्या घरात नव्हती, आणि असती तरी घड्या घालणाऱ्या बाईचा आवाज कोण कशाला साठवतो? फोटो होते. फोटोत तिचा पुढचा दात वाकडा होता. पण फोटो काय बोलणार? 

“कशा बोलायच्या त्या?” सिस्टरनी विचारलं.

“अर्धवट,” कवळीवाले म्हणाले. “वाक्य कधी पुरं करायची नाही. ‘अहो, ते जरा…’ म्हणायची आणि हात हलवायची. पुढचं मी ओळखायचं. चुकलो की हसायची. आता तुम्हीच सांगा, हे कागदावर कसं उतरवू? शब्द तर काही नव्हतेच. होता तो नुसता आवाज, आणि तोच गेला.”

त्या दिवशी पुढं कुणी काही वाचलं नाही.

सिस्टरच्या मनाला ते लागून राहिलं. त्यांनी आयुष्यभर माणसं शेवटच्या खाटेवर पाहिली होती, आणि खाटेशेजारच्या स्टुलावरचे नवरेही. आपण काहीतरी करायलाच हवं, असं त्यांनी मनावर घेतलं. वाईट पान लिहायला बसल्या आणि त्यांच्या हातून वाईट लिहवेना. एका बिचाऱ्याच्या मेलेल्या बायकोची टिंगल कशी करायची? म्हणून त्यांनी चांगलं लिहिलं. जीव ओतून लिहिलं, खोडून परत लिहिलं. रीत मोडतोय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण माया आली की माणसाला रीत कुठली दिसते?

पुढच्या रविवारी त्या उंच खुर्चीत बसल्या आणि वाचू लागल्या. आवाज मऊ, रोग्याच्या कानाशी बोलायचा असतो तसा.

“‘खिडकी लावून घ्या,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला गार वारा बाधतो. पोरीचे केस कोण विंचरतं आता? तुम्ही? ओढू नका हं, तिला दुखतं. आणि हे बघा, मी काही कंटाळून गेले नाही. मला आणखी थोडं बोलायचं होतं. पण तुम्ही आपले सारखे झोप, झोप म्हणत होतात. तुम्ही म्हणालात, म्हणून झोपले.’”

चष्मेवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

कवळीवाले पांढरेफटक पडले होते. “तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं. “मी असंच म्हणालो होतो. झोप आता, बोलू नकोस, दम लागतो. तेच शेवटचं. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही हो,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “सगळेच नवरे तसं म्हणतात.”

पान फाडायची रीत होती. कवळीवाल्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं, सिस्टरना दोन्ही हात जोडले आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी ते मेण गरम करत बसले होते. कामात हात गुंतला की पूर्वी कधी कधी ती मागून बोलल्यासारखी वाटायची. शब्द नाहीत, नुसता सूर. त्यांनी कान दिला. मागून आवाज आला, स्वच्छ, पुरा, एकही शब्द न गाळता: खिडकी लावून घ्या, तुम्हाला गार वारा बाधतो. आवाज सिस्टरचा होता.

त्यांनी मेणाखालचा दिवा विझवला. डोळे मिटले. ती दारात उभी आहे, हातात कपडे आहेत, आता म्हणेल, अहो, ते जरा… ती म्हणाली, पोरीचे केस कोण विंचरतं आता? संध्याकाळी तेच. मंगळवारी तेच. जे काही धूसर उरलंसुरलं होतं, त्यावर ते पान ठाण मांडून बसलं. असं नाही, असं नाही, असं त्यांनी स्वतःला ओरडून सांगितलं. पण उसन्या पानाचा राग यावा लागतो, आणि यांना राग येईना. पान चांगलं होतं हो! इतकं चांगलं होतं की खरी बायको त्याच्यापुढं टिकली नाही.

ते रविवारी गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही. शेवटी दोघं त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. कवळीवाल्यांनी आडपडदा ठेवला नाही, सगळं सांगून टाकलं. सिस्टर तिथंच साच्यांच्या फळीशेजारी मटकन बसल्या.

“मी काय करून बसले हो हे! मला वाटलं, तुम्हाला आधार होईल.”

“झाला ना,” कवळीवाले म्हणाले. “आता तर तिचा एक शब्द चुकत नाही माझा.” बोलले आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. सिस्टरना पाणी दिलं. त्या बाईवर चिडायची सोय नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं.

चष्मेवाला खोलीत येरझाऱ्या घालत होता. “मी लिहितो दुसरं. इतकं घाणेरडं लिहितो की ते धुऊन निघेल.” आणि खरंच त्यानं लिहिलं, एक सोडून चार पानं. एकाहून एक भिकार. खिशात कोंबून आणायचा, ठसक्यात वाचायचा. कवळीवाले शांतपणे ऐकायचे, मान हलवायचे. काही धुऊन निघालं नाही.

मग त्यांना पोरीची आठवण झाली. पोरगी म्हणजे आता संसारी बाई, दुसऱ्या गावी नोकरीला. ती सुटीत यायची होती. तिनंही तो आवाज ऐकला होता. लहान होती, पण लहानपणी ऐकलेलं खोल जातं म्हणतात. तिनं ते प्रकरण वाचावं, नाक मुरडावं आणि म्हणावं, छे, आई अशी कुठं बोलायची? मग आई कशी बोलायची ते तिनं जरासं करून दाखवावं. एवढंच त्यांना हवं होतं. ते पान त्यांनी शेवटच्या प्रकरणात जसंच्या तसं उतरवलं. कुणाचं आहे ते सांगायचं नाही, असं दोघांनाही बजावून ठेवलं. कित्येक दिवसांनी त्या रात्री ते पोटभर जेवले.

पोरगी आली. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं वाचायला घेतलं. कवळीवाले समोर बसले, उगाच एक साचा पुसत. ती भराभर पानं उलटत होती. शेवटच्या प्रकरणाशी आली आणि तिचा हात थांबला. यांचाही हात थांबला. म्हण, ते मनात म्हणत होते. म्हण बाई, असं नाही म्हण.

तिनं वाचलं, मागं जाऊन परत वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली.

“बाबा,” ती म्हणाली, “मला आईचा आवाज आठवत नव्हता. कधीपासूनच नव्हता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. सगळ्यांना आपली आई आठवते, मला एक शब्द नाही, लाज वाटायची हो. आत्ता आला. केस ओढू नका म्हणाली ना, तिथं एकदम कानात आला.”

कवळीवाल्यांनी तोंड उघडलं. खरं काय ते जिभेवर होतं. सिस्टरचं घर चार गल्ल्या सोडून होतं, बोलावलं असतं तर त्या धावत आल्या असत्या आणि त्यांनीही सांगितलं असतं. पोरीनं डोळे पुसले. तिचा चेहरा उजळला होता. इतका मोकळा चेहरा त्यांनी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता.

“अशीच बोलायची ना ती?” तिनं विचारलं.

“अशीच,” बाबा म्हणाले.