सुपडूआबांचं शेवटचं पंक्चर

जळगावात मेहरूण तलावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर सुपडूआबांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर वर चार पत्रे, खाली हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि स्वतः आबा. सायकलींचा जमाना होता तेव्हा इथे गर्दी हटायची नाही. आता गाड्यांना ट्यूबच नसते. खिळा घुसला तरी गाडी पळतच असते, आणि ज्याची गाडी पळते तो पंक्चरवाल्यापाशी कशाला थांबेल? तरी आबांना एका गोष्टीचा भारी ताठा. दुकानावर आलेलं काम त्यांनी कधी तसंच परत पाठवलेलं नव्हतं. मग ते चाक असो, पोरांचा फुटबॉल असो की विहारातली गळकी पाण्याची नळी.

मुलगा राजदीप शिरपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला. दुकान बंद करा आणि आमच्याकडे चला, असा त्याने धोशा लावला होता. आबांच्या बायकोला, द्रौपदाबाईंना, नातीची ओढ होतीच. आबांनी पुष्कळ दिवस टाळाटाळ केली आणि शेवटी हो म्हटलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी राजदीप टेम्पो घेऊन येणार, सामान भरणार, असं पक्कं ठरलं. आबा दिवसभर दुकानात बसून राहायचे. गिऱ्हाईक नाही, काम नाही, तरी घमेल्यातलं पाणी मात्र रोज बदलायचे.

अशात स्वप्नील आला. जळगावचाच पोरगा, पुण्याला नोकरी, चुलत बहिणीच्या लग्नाला गावी आलेला. त्याने पिशवीतून जे काढलं ते बघून आबांनी चष्मा पुसला. छातीपर्यंत येणारी विजार, वर खांद्याला पट्टे, आणि खाली पायमोजे त्या विजारीलाच जोडलेले.

"हाई काय शे भो? पायजामा का गोणपाट?"

"याला वेडर म्हणतात, आबा. हे घालून नदीत उभं राहायचं आणि मासे धरायचे. हिमाचलात. पिसं बांधलेला हलका गळ असतो, माशाला तो किडा वाटतो."

"अन् धरना का मंग?"

"मग सोडून देतो."

आबा त्याच्याकडे बघतच राहिले. "मासा धराना अन् सोडी देवाना? मंग घरमाईन निघानंच कसाले?"

स्वप्नील हसला, पण त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. विजारीचे पाय गळायला लागले म्हणून सगळे त्याला नवीन घे म्हणत होते. त्याचं मन घेईना. ही वस्तू टाकली तर शंभर वर्षं कुजायची नाही. पाणी लागू नये म्हणून तिला जे रसायन लावतात, ते उतरून शेवटी नदीतच जातं. "ज्या पाण्यासाठी आम्ही एवढे लांब जातो, त्यातच आमचे कपडे विष कालवणार असतील, तर मासा सोडून देण्याचं पुण्य काय कामाचं?" तो म्हणाला. मार्चमध्ये मासे धरायला नदी खुली व्हायची होती, आणि त्याच रविवारी तो पुण्याला परत जाणार होता.

खरं तर इथे आबांनी हात जोडायला हवे होते. ज्या वस्तूचं नावही कधी ऐकलं नाही, ती घ्यावी कशाला? पण ताठा आडवा आला. शिवाय हे दुकानावरचं शेवटचं काम, हेही त्यांच्या मनात आलंच. "ठेवी दे," ते म्हणाले.

भोक शोधायचं काम झकास झालं. विजारीचं तोंड जुन्या ट्यूबने करकचून बांधलं आणि पंपाने हवा भरली. बघता बघता बिनडोक्याचा एक जाडजूड पहिलवान दुकानासमोर उभा राहिला. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. कोणी म्हणालं, आबांनी जोडीदार ठेवला. आबांनी साबणाचं पाणी फिरवलं, आणि डाव्या गुडघ्यापाशी व उजव्या पोटरीवर बुडबुडे आले. आबा खूश.

आणि मग त्यांनी तेच केलं जे जन्मभर केलं होतं. कानस घेतली आणि भोकाभोवती घासायला सुरुवात केली. पंक्चर काढणाऱ्या माणसाचा हा पहिला धडा. ट्यूब खरवडल्याशिवाय सोल्युशन धरत नाही. पण ट्यूब म्हणजे एकच एक रबर, आणि या कापडाच्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ, पाणी अडवणारा एक पडदा होता. सारा खेळ त्या पडद्याचा. आबांनी मनापासून घासलं, दोन्ही जागी घासलं, वर ट्यूबचं ठिगळ दाबून बसवलं. सकाळी ठिगळ अलगद सुटून हातात आलं. पुन्हा हवा भरली तर जिथे एक बुडबुडा होता तिथे तळहाताएवढा फेस.

आबांना घाम फुटला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. द्रौपदाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं तर त्यांच्याच अंगावर खेकसले, आणि नंतर त्याचंही वाईट वाटून घेतलं. एवढी वर्षं दुकान चालवून शेवटच्या गिऱ्हाइकाची वस्तू नासवली, आता मेहरूणमधून जाणार ते हे तोंड घेऊन. ती विजार पोत्यात गुंडाळून ठेवावी आणि काम जमलं नाही असं सांगावं, हाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. माणूसच तो. पण मग त्यांनी फोन उचलला.

"स्वप्नीलभाऊ, मना हातथून तुनी वस्तू बिघडनी. दोन भोकं व्हतीत, मी खिडक्या करी दिन्यात."

मग तो पोरगा स्वतःच दुकानावर आला. त्याने कापड उलट-सुलट बघितलं. चेहरा पडला होता, पण आवाज चढला नाही. "आबा, मी तरी कुठे सांगितलं होतं की घासू नका? मलाही सुचलं नाही." त्याने पिशवीतून त्या कापडाच्या गोंदाची ट्यूब काढली आणि आपल्याला माहीत होतं तेवढं सांगितलं: घासायचं नाही, स्पिरिटने पुसायचं, आतल्या बाजूने लावायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. एवढ्या मोठ्या जागेला ठिगळ कशाचं लावायचं, ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

द्रौपदाबाई आबांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांचा सगळा जन्म गोधड्या शिवण्यात गेला. त्या म्हणाल्या, "लुगडाले ठिगळ लुगडानंच लावतस."

दोघंही त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी विजारीच्या छातीवरच्या खिशाचं झाकण बोटाने उचलून दाखवलं. कापड तेच, पडदाही तोच, दोन्ही ठिगळं निघतील एवढं मोठं, आणि झाकणावाचून खिशाचं काही अडणार नव्हतं. मग आबांचा हात पुन्हा चालायला लागला. ठिगळाचे कोपरे त्यांनी गोल कापले, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो, मग ते रबर असो की कापड. गोंद पातळ पसरला, कडा अंगठ्याने हळूहळू दाबत नेल्या. या वेळी त्यांनी घाई केली नाही.

रविवारी सकाळी विजारीची परीक्षा बघायला तलावावर हीऽऽ गर्दी. पाण्यात मीच उतरणार, आबांनी ठासून सांगितलं. माझ्या हाताचं काम आहे, भिजायचं तर मी भिजेन. ट्यूबला चोळतात ती पांढरी पावडर त्यांनी विजारीच्या आत सढळ हाताने टाकली. कुठे थेंबभर पाणी शिरलं तरी तिचा चिखल होऊन दिसेल, हा त्यांचा हिशोब. स्वप्नीलने कमरेचा पट्टा आवळला, आपले नदीतले बूट त्यांच्या पायात चढवले. द्रौपदाबाईंनी त्यांच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक स्वतःच्या हातात ठेवलं. म्हाताऱ्याचा त्यांना भरवसा नव्हता.

तेवढ्यात राजदीप टेम्पो घेऊन पोचला. दुकानाला कुलूप, म्हणून विचारत विचारत तलावावर आला, तर बाप छातीभर पाण्यात आणि आई दोर धरून काठावर.

आबा मात्र घाबरले होते. पाणी गार, चहूबाजूंनी पाय आवळत होतं, आणि नुसता गारवा की ओल हे कळायला मार्ग नाही. "पाय वल्ला लागी राहिनात," ते काठाकडे बघून म्हणाले. आवाज रडवेला होता. स्वप्नीलने मान खाली घातली.

ते बाहेर आले. खाली बसून पट्टे सोडले आणि विजार उतरवली. द्रौपदाबाईंनी जराही न थांबता सरळ हात आत घातला, पार गुडघ्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. हात बाहेर काढून झटकला तर पावडरीचा ढग उडाला.

"वल्लं नही, बठ्ठं कोरडं शे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा कमरेपासून खाली पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. स्वप्नील त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, आमच्या मासे धरणाऱ्या गटातल्या सगळ्यांकडे अशी टाकायला काढलेली वेडरं आहेत, जॅकेटंही आहेत, पाठवली तर घ्याल का? आबांनी नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

"राजदीप, भर सामान," ते म्हणाले. "आते मी मोकळा व्हयनू."

राजदीप जागचा हलला नाही. कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना वडील काय करतात या प्रश्नाला तो "बिझनेस" म्हणायचा आणि लगेच विषय बदलायचा. बापाला हे कळत होतं, पण तो कधी बोलला नव्हता. राजदीपने पँटचे पाय वर दुमडले. "स्वप्नीलभाऊ, मी एकदा घालून बघू?"

मग सगळ्यांसमोर आबा खाली बसले आणि त्यांनी मुलाच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. राजदीप पाण्यात शिरला. गुडघाभर, कमरेइतकं, छातीपर्यंत. तिथे तो बराच वेळ उभा राहिला. डावा गुडघा वर घेऊन पाण्याखाली त्याचा हात त्या ठिगळाच्या जागेवरून फिरत होता.

टेम्पोवाला काठावर येऊन कंटाळला होता. किती वेळ, असं त्याने ओरडून विचारलं. एरवी चार लोकांत शुद्ध मराठी बोलणाऱ्या राजदीपने पाण्यातूनच मोठ्याने उत्तर दिलं.

"भो, तू जा. सामान भरानं नही. मना बापनं दुकान चालू शे."