कूलरसमोर ठेवलेली गिटार

मे महिन्यातला दुसरा शनिवार. हजर: मी, मुलगी सायली आणि तिच्या बाबांची गिटार. गैरहजर: स्वतः बाबा, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे चिपळूणलाच. त्यांचे कॉलेजमित्र विनायकराव यांच्या मुलीचं लग्न वर्ध्याला होतं आणि आदल्या संध्याकाळी गिटार वाजवायचा शब्द ह्यांनी दिला होता. तो पाळायला सायली निघाली. ह्यांनी आपल्या पहिल्या पगारातून घेतलेली ती गिटार आजवर घाट चढून वर गेली नव्हती.

वर्ध्याला उतरलो आणि मी थक्कच झाले. आमच्याकडे अंग घामाने निथळतं. इथे घाम दिसायच्या आत नाहीसा. ऑटोतच ओठ तडकले. घरी शोभाताईंनी, म्हणजे विनायकरावांच्या पत्नीने, पन्हं आणि गरम सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) पुढे केली.

सोमवारी सकाळी सायलीने गिटार काढली आणि हात झटकला. बोटातून रक्त! मानेचं लाकूड सुकून आकसलं होतं, त्यामुळे फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, कडेने बाहेर आल्या होत्या. पोट खाली बसलेलं, तारा पट्ट्यांना टेकलेल्या. वाजवावं तर नुसती करकर.

"हवा कोरडी आहे फार," सायली म्हणाली.

"मंग कूलरपुढं ठेव न बाई," शोभाताई म्हणाल्या. "आमी पाव्हण्यालेच ठेवतो तिथं."

"मले तं या घरात कधी भेटली नाई ते जागा!" विनायकराव म्हणाले.

ओला वारा मिळेल म्हणून मलाही पटलं. गिटार कूलरसमोरच्या खाटेवर निजवली आणि नवरीला घेऊन आम्ही सगळे केळझरच्या गणपतीला गेलो. दर्शन झालं, देवळाबाहेर सावलीत डबे उघडले, परतायला दुपार कलली.

दार उघडलं. कूलर घरघरत होता. मी हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. भट्टीसारखा वारा! टाकी कोरडी, जाळीतलं गवत कुरकुरीत. आणि गिटारीच्या पोटावर, तारा बांधतात तिथून खालच्या कडेपर्यंत सरळ तडा. माझं नख आत गेलं.

"पाणी नाई टाकलं काय तुमी?" शोभाताई ओरडल्या.

"मले वाटलं, तू टाकलं अशीन."

"मीच टाकू सगळं? पोरीचं लग्न हाय माह्या!"

मी खाटेवर बसले. निघताना पाण्याच्या बाटल्या, ओटीचं सामान, औषधं, सगळं मीच तपासलं होतं. कूलरला पाणी घालावं लागतं हे डोक्यातच आलं नाही. कोकणात कूलर ठेवतो कोण?

सायली रडली नाही. संध्याकाळी तिने मानेवर तारा दाबून धरणारा चाप लावून वरच्या पट्ट्यांवर, जिथे करकर कमी होती, तीन गाणी वाजवली. विनायकरावांनी फोन समोर धरला होता. पलीकडून हे म्हणाले, "आवाज जरा पोकळ येतोय गं."

"फोनचा असेल, बाबा."

लग्न झालं. शोभाताईंनी गोरसपाकाचे (तुपातली खुसखुशीत बिस्किटं) दोन पुडे दिले आणि गिटारीच्या पेटीला हात लावून म्हणाल्या, "भाऊजीले सांगजो, आमचं चुकलं."

चिपळूणला आल्यावर दुसरा धक्का. दमट हवेत लाकूड फुगलं, तारा उचलल्या आणि दहाएक दिवसांत तडा मिटला. तिरप्या उजेडात केसाएवढी रेघ, बस. ज्या हवेला आम्ही जन्मभर बुरशीसाठी शिव्या दिल्या, तिनेच तो मिटवला. पुण्याच्या गिटार दुरुस्त करणाऱ्याला मी फोन केला. तो म्हणाला, "मिटलाय तोवर पाठवा. आतून लाकडाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतील. हिवाळ्यात पुन्हा उघडला तर वाढत जाईल."

काल हे पाय उशीवर ठेवून वाजवत बसले होते. "सायली, वर्ध्याची हवा मानवली हो हिला!"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला उठले.

गिटार पाठवायचा खोका आणून ठेवला आहे. ह्यांना सांगायचं बाकी आहे.