दुपारी बंद पडणारं पोकलेन

ते प्रकरण आजही माझ्या डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका जुन्या पोकलेनचं इंजिन मधेच बंद पडत होतं, एवढंच. नोकरीत मोठमोठे गुन्हे उघडकीला आणले, त्यांची आठवण काढणारे लोक अजून भेटतात. या प्रकरणाची आठवण मात्र मी एकटाच घरात बसून काढतो. पत्नी गेल्यापासून तर जास्तच.

तेव्हा मी शेवगावकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळा होता. सकाळची हजेरी घेऊन कामं वाटत होतो, तेवढ्यात एक शेतकरी अर्ज घेऊन आला. शेती सांभाळून त्याने संक्रांतीच्या सुमारास जुनं पोकलेन घेतलं होतं, आणि तो लोकांना शेततळी खोदून द्यायचा. मशीन चालता चालता बंद पडायचं. मेकॅनिकने इंजिनचा एक सेन्सर तीनदा बदलला. नवा घातला की दोन दिवस चालायचं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्या सेन्सरच्या वायरीवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली.

"साहेब, मी रोज सकाळी जातो तवा मशीन झकास चालतं," शेतकरी म्हणाला. "दहाला घरी आलो की दुपारी फोन येतोच, बंद पडलं म्हनून. मंग कोन करतं हे? तितं ऑपरेटरशिवाय दुसरं कुनी नसतं."

मला पटलं. त्याच दिवशी त्या गावातल्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. ऑपरेटरच्या केबिनमध्ये पोती शिवायचं दाभण आहे, आणि शेजारच्या गावातल्या एका मशीनमालकाने त्याला कामावर बोलावलंय. म्हणजे स्पर्धकाच्या सांगण्यावरून हाच मशीन बिघडवतो, असा हेतू मिळाला, हत्यारही मिळालं. माझी छाती फुगली.

दुपारी जीप घेऊन गेलो. पंचांसमोर दाभण जप्त केलं, वायरीचे फोटो काढले, पंचनामा केला. खोदलेल्या तळ्याच्या काठावर निम्मं गाव जमलं होतं. त्यांच्या देखत ऑपरेटरला जीपमध्ये बसवलं. खरं तर साधी नोटीस दिली असती तरी तो स्वतः चालत ठाण्यात आला असता. पण लोक बघत असले की पोलिसाला जरा जास्तच चेव येतो.

ऑपरेटर पन्नाशीचा, बीड जिल्ह्यातला. मशीन जिथे जाईल तिथे शेजारी ताडपत्री बांधून राहायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. ठाण्यात आणलेल्या प्रत्येकाला आम्ही विचारतो तसं त्यालाही विचारलं, "घरी कोणाला कळवायचं?" त्याने बराच वेळ विचार केला आणि ज्याने त्याच्याविरुद्ध अर्ज दिला होता त्या मालकाचाच नंबर सांगितला. हवालदार हसला. मीही हसलो.

"दाभण कशाला ठेवलंस?"

"सीट उसवली हुती साहेब. शिवली."

"वायरी तूच टोचल्यास ना?"

"न्हाई. मशीन तापलं की बंद पडतंय. गार असतंय तवर चालतंय."

मी आवाज चढवला, शिव्या दिल्या. तो तेच सांगत राहिला. मला वाटलं, पढवून ठेवलेला आहे. खोटं बोलणारा एकच वाक्य घोकतो, हे मला नोकरीने शिकवलं होतं. खरं बोलणाऱ्याकडेही एकच वाक्य असतं, हे मात्र तोवर सुचलं नव्हतं. सीटवरचे टाकेसुद्धा मी जाऊन बघितले नव्हते.

कोर्टात जायचं तर वायरीबद्दल जाणकाराचं मत लागणार, म्हणून नागापूर एमआयडीसीतल्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. मिस्त्री ख्रिस्ती होते. दिवस शनिवारचा. "उद्या चर्चमधनं सुटलो की येतो," म्हणाले. तोवर ऑपरेटर ठाण्यातल्या बाकावर बसून राहिला. कागदोपत्री त्याला अटक नव्हती, तरी मी त्याला जाऊ दिलं नाही. ही माझी चूक होती, आणि ती मला तेव्हाही कळत होती.

रविवारी मिस्त्रींनी आधी मशीन सुरू करून भर उन्हात तासभर चालू दिलं. तापलं आणि बंद पडलं. त्यांनी वायरीला मीटर लावलं, तर वायर मेलेली. इंजिन निवलं, वायर पुन्हा जिवंत. मग त्यांनी भोकाजवळ वायर सोलली. आतून हिरवी भुकटी गळाली.

"साहेब, तुमी भोकं पायली, आतलं तांबं न्हाई पायलं. इतकं कुजायला पावसाळा लागतो. ह्यांच्याकडं मशीन कदी आलं?"

"संक्रांतीला," मालक म्हणाला.

"मंग पाऊस कुटं पडला तवापासून? ही भोकं आदीची हायेत."

"पाडली कोणी?" मी विचारलं.

मिस्त्री ओशाळले. "आमीच, मेकॅनिक लोकांनी. करंट येतोय का बघायला टेस्टरची सुई सरळ वायरीत खुपसतो. जोड सोडवून बघायचा कटाळा. भोकातनं पानी जातं, तांबं कुजतं. गार असलं की धरून ऱ्हातं, तापलं की सुटतं. सेन्सर बदलताना वायर हलती, म्हनून दोन दिस चालतं. सेन्सरचा काय बी दोष न्हाई, आन् मानसाचा बी न्हाई."

वायर बदलली. मशीन संध्याकाळपर्यंत एकदाही थांबलं नाही. मालकाने मान खाली घातली, आणि मी पुरता तोंडघशी पडलो होतो.

ठाण्यात येऊन ऑपरेटरला सांगितलं, तुझ्यावर काही नाही, जा. तो उठला, पण गेला नाही.

"साहेब, नेलं तसंच जीपमधनं सोडा. लोकांनी बघू द्या. तुमी तितं सांगा, म्या काय केलं न्हाई म्हनून."

जीप बंदोबस्ताला जायची होती. "सुटलास ना? आता आणखी काय पाहिजे?" असं म्हणून मी त्याची कागदावर सही घेतली. तो एकटाच एसटी स्टँडकडे चालत गेला.

आठवड्याने मालक अर्ज मागे घ्यायला आला. म्हणाला, "फाट्यावर एसटीतनं उतरून एकटाच पायी आला, तर लोक म्हनले वशिल्यानं सुटला. चहाला बी कुनी हाक मारली न्हाई. मी लई विनवलं, ऱ्हा म्हनून. ताडपत्री गुंडाळली आन् गेला. फोन बी बंद हाय त्याचा."

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही. चारचौघांत उचललेला माणूस चारचौघांतच परत नेऊन ठेवला नाही, तर तपास अर्धाच होतो. पुढे निवृत्त होईपर्यंत चौकशीत निर्दोष निघालेल्या प्रत्येकाला मी जीपने त्याच्या दारात सोडलं, पाच मिनिटं थांबलो, लोकांना ऐकू जाईल असं बोललो. शिपाई पाठीमागे हसायचे. ज्याने हे मागितलं होतं, त्याच्यासाठी मात्र ते झालं नाही.

आता वेळच वेळ आहे. रस्त्याकडेच्या शेतात पोकलेन चालू दिसलं की मी गाडी थांबवतो, बांधावरून जवळ जातो आणि केबिनमध्ये बघतो. अजून तरी दर वेळी दुसराच कोणीतरी असतो.