पंप धुतला होता

हे मी अजून कोणापाशीच बोलली नाई. नवऱ्यापाशी नाई, आईपाशी नाई — आई तर आता राह्यलीही नाई. तुमच्यापाशी काऊन बोलून राह्यली, ते धड सांगता येत नाई. पण बोलतेच.

मी सिंदीच्या शाळेत शेतीचा विषय शिकवते. फवारणीचा धडा आला की बाई पंपावरच अडकतात, असं पोरं म्हणतात. हो, अडकते! तणनाशक मारलं की पंप साबणानं धुवा, नळी धुवा, पुन्हा धुवा — अन् हे मी फळ्याकडं तोंड करूनच सांगते. पोरांकडं पाहून नाई सांगता येत.

नव्वद सालानंतरचा काळ. वर्ध्याले शेती-शिक्षकाच्या कोर्सले होती मी. वर्गात पोरी दोनच — मी अल्लीपूरची, मंदा आर्वीकडची. एका खोलीत राहो, एका ताटात जेवो. अन् दोघींच्याही घरी एकच बोली: पास झाली तर नोकरी, नापास झाली तर लग्न. माझ्यासाठी तर स्थळही ठरल्यासारखंच होतं, हिंगणघाटचा दुकानदार. माणूस वाईट नसन, पण मले नाई पायजे होता! हे सांगू कोणाले? बाबाले? बाबासमोर तोंडातून शब्द फुटत नसे माझ्या.

एक दिवस कोर्सच्या शेतात धुऱ्यावरचं, बांधावरचं, तण मारायची पाळी माझी होती. तणनाशक मारलं. पंप धुवाचा, तर पाण्याचा हौद शेताच्या पार दुसऱ्या टोकाले. अन् मले गावची एस.टी. गाठायची होती — घरी पाहुणे येणार होते, मले पाहायले. पंप तसाच खुंटीले टांगला. आल्यावर धुईन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फवारायची पाळी मंदाची होती, म्हणून मी एस.टी.साठी निघताना तिनं विचारलं, "पंप धुतला ना वं?"

चपलेत पाय घालता घालता मी 'हो' म्हटलं. का म्हटलं? खरं सांगितलं असतं तर तिनं स्वतः धुतला असता — हासत धुतला असता. तशीच होती ती.

तिनं त्याच पंपानं साऱ्या वर्गाच्या पऱ्हाटीवर, कपाशीवर, माव्याचं औषध मारलं. काही दिवसांत पऱ्हाटीची रुंद पानं बोटांवानी बारीक, वाकडी झाली. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर, अन् एकाही वाफ्यात धड झाड नाई. सरनं साऱ्यांना उभं केलं. ही तणनाशकाची करामत आहे, पंप कोणी धुतला नाई — सांगा.

"सर, हिनं धुतला म्हणे," मंदा म्हणाली.

सरनं माझ्याकडं पाह्यलं. 'नाई' म्हणायचं होतं, बस. माझ्या डोळ्यासमोर तो दुकानदार उभा राह्यला, बाबा उभे राह्यले. मी म्हटलं, "धुतला होता, सर."

मग बाटलीच चुकली असन, असं ठरलं. दोन्ही औषधं एकाच फळीवर राहात. मंदा रडून रडून सांगे, लेबल वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं. कोण ऐकते? प्रॅक्टिकलमध्ये तिले नापास केलं. तिचे बाबा आले न्यायले. तिची पेटी जड होती, तर एका बाजूनं मीच धरली — फाटकापर्यंत! कसं जमलं असन मले?

मी पास झाली. नोकरी लागली, दुकानदार टळला. सुटली असं वाटलं. कायची सुटते! दरवर्षी तो धडा येते अन् दरवर्षी मले तेच वाक्य बोलावं लागते. नोकरी सोडू? सोडून सांगू काय लोकायले?

दहा-बारा वर्षांनी मंदा दिसली, सिंदीच्या बाजारात. नवऱ्यासोबत आलती. मी भाजीच्या दुकानाआड झाली, पण तिनं पाह्यलं. वाटलं, आता चार लोकांत माझी इज्जत काढते ही. काढायलेच पायजे होती.

तिनं माझा हात धरला. म्हणे, "लई दिवसांचं मनात होतं. सरसमोर तुझं नाव घेतलं मी, उगाच. माझ्याच हातून बाटली बदलली असन. राग नको ठेवजो."

तेव्हा बाबा नव्हते. दुकानदार नव्हता. नापास करणारं कोणी नव्हतं. भोवताली माझ्या शाळेतल्या पोरांच्या आया होत्या, एवढंच.

मी म्हटलं, "जाऊ दे वं. मी तुले केव्हाच माफ केलं."